न्यू लॅनार्क: तिकिटात काय मिळतं आणि तिकिटाबाहेर काय पाहावं

स्कॉटलंडला जाणारे मराठी पर्यटक एडिंबरा, ग्लासगो, लॉक नेस आणि फार तर स्काय बेट एवढं करून परततात. ग्लासगोपासून रेल्वेने तासाभराच्या आत, क्लाईड नदीच्या खोल घळीत वसलेलं न्यू लॅनार्क हे जुनं सूतगिरणीचं गाव त्यांच्या यादीत क्वचितच असतं. ते असावं, असं आमचं ठाम मत आहे. मात्र तिकीट काढल्यावर जे दाखवलं जातं तेवढंच पाहून परतलात, तर गावाची निम्मीच ओळख होईल. प्रदर्शनात गिरण्यांचा समाजसुधारक मालक रॉबर्ट ओवेन जागोजागी भेटतो. ओवेनच्या आधीचं आणि नंतरचं गाव मात्र शोधावं लागतं. गिरणी १७८६ ते १९६८ अशी १८२ वर्षं चालली आणि ओवेनने त्यातली पंचवीस वर्षं कारभार पाहिला. हा हिशेब डोक्यात ठेवून गेलात तर दिवस सार्थकी लागेल.

आधी पोचायचं कसं ते. ग्लासगो सेंट्रलहून लॅनार्कची गाडी मिळते, सुमारे पंचावन्न मिनिटं लागतात. एडिंबराहून येणाऱ्यांना वाटेत गाडी बदलावी लागते, त्यामुळे एका दिवसात जाऊन यायचं तर ग्लासगोचा मुक्काम सोयीचा. लॅनार्क स्टेशनपासून न्यू लॅनार्क दोनेक किलोमीटर आहे. मधे स्थानिक बस धावते, पण ती गाडीच्या वेळेशी जुळेलच असं नाही. निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहा, रविवारी तर नक्कीच. चालत गेलात तर पंचवीस-तीस मिनिटं, सगळा उतार. परतताना तोच चढ अंगावर येतो आणि इथेच बऱ्याच जणांचं गणित चुकतं: दिवसभर धबधब्यापर्यंत पायपीट करून शेवटच्या अर्ध्या तासात हा चढ चढायचा आणि वर गाडीही गाठायची. बरोबर वयस्कर माणसं असतील तर परतीची बस किंवा टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठीही हीच गोष्ट थोड्या फरकाने. पर्यटकांचं वाहनतळ गावाच्या वर, टेकडीवर आहे. तिथून पायवाटेने खाली उतरावं लागतं. ज्यांना चालणं अवघड आहे त्यांच्यासाठी खाली गावात जागा राखून ठेवलेली असते. गाड्या वरच थांबवल्यामुळे गावाचा रस्ता मोकळा राहतो, हा निर्णय आम्हाला पूर्ण पटतो. या उतारावर झाडांमध्ये गावाची जुनी दफनभूमी आहे. पहिल्या पिढीतले बरेच गावकरी तिथे पुरलेले आहेत. लोक खालच्या देखाव्याचे फोटो काढण्याच्या नादात तिच्यासमोरून निघून जातात. पाच मिनिटं थांबा. ओवेनचं नाव कानावर पडण्याआधी गावाची ओळख इथून झालेली चांगली.

खाली आल्यावर पहिल्यांदा नजरेत भरते ती गावाची रचना. नदीकाठाला ओळीने गिरण्या, मग पाण्याचा कालवा, मग रस्ता, आणि टेकडीला पाठ लावून कामगारांच्या घरांच्या लांबलचक रांगा. सगळं एकाच राखाडी-पिवळसर वालुकाश्माचं. या रचनेचं कारण पाणी. क्लाईड इथे धबधब्यांवरून वेगाने उतरते. डेव्हिड डेल हा ग्लासगोचा सूत आणि कापडाचा व्यापारी. जलशक्तीवर सूत कातण्याचं यंत्र यशस्वी करणाऱ्या रिचर्ड आर्कराइटला सोबत घेऊन त्याने १७८५ च्या सुमारास ही जागा निवडली. आर्कराइट लवकरच भागीदारीतून बाहेर पडला. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी वळवायचं, खडकात बोगदा खणून ते पुढे आणायचं, कालव्याने गिरण्यांच्या पाठीमागून न्यायचं, पाणचक्क्या फिरवायच्या आणि पाणी पुन्हा खाली नदीत सोडायचं, अशी योजना होती. कालवा आजही वाहता आहे. बोगद्याच्या तोंडापासून गिरणी क्रमांक तीनपर्यंत कालव्याच्या काठाने चालत गेलं की या गावाचं यंत्रशास्त्र न वाचता समजतं. यासाठी तिकीट लागत नाही.

गावात फिरायला पैसे पडत नाहीत. तिकीट लागतं ते प्रदर्शनासाठी. एकाच तिकिटात गिरणी क्रमांक तीनमधलं संग्रहालय, गच्चीवरची बाग, शाळेचा वर्ग, कामगाराचं घर, गावचं दुकान आणि ओवेनचं घर येतं. सगळं नीट पाहायला तीन तास धरा. सुट्टीच्या दिवसांत ऑनलाइन काढलेलं बरं.

तिकीटखिडकी ओवेनने बांधलेल्या ‘चारित्र्य घडवणाऱ्या संस्थे’च्या इमारतीत आहे. ती १ जानेवारी १८१६ रोजी उघडली. तिथून काचेच्या पुलावरून गिरणी क्रमांक तीनमध्ये जातात. पूल दिसायला आधुनिक आहे, पण ती वाट जुनीच: वाफेच्या इंजिनापासून गिरणीपर्यंत शक्ती नेणारे जाड दोर याच मार्गाने धावत असत. सगळे लगबगीने पुढच्या दाराकडे जातात. तुम्ही मधे थांबून खाली कालव्याकडे पाहा. पाण्याचं आणि वाफेचं युग इथे एकमेकांना छेद देतं.

पुढे येते लटकत्या डब्यात बसून अंधारातून जायची सफर. १८२० सालची ॲनी मॅक्लिऑड नावाची दहा वर्षांची काल्पनिक गिरणी कामगार मुलगी आपल्या दिवसाची हकिकत सांगते. लहान मुलांना ही सफर आवडते आणि इंग्रजी उच्चार कळले तर माहितीही बरी मिळते. आमची तक्रार तिच्या गोडव्याबद्दल आहे. ॲनीच्या तोंडी ओवेनचं कौतुक भरपूर, मात्र तिच्या आधीच्या पिढीतल्या मुलांचं जिणं चुटपुटतं येतं. १७९३ मध्ये डेलच्या गिरण्यांत १,१५७ माणसं कामाला होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलं होती. त्यांतली बरीच एडिंबरा-ग्लासगोच्या अनाथालयांतून आणलेली. पहाटे सहाला काम सुरू, संध्याकाळी सातला सुटी, मधे नाश्त्याला अर्धा तास आणि जेवणाला एक तास. त्यानंतर सात ते नऊ शाळा. त्या काळच्या मानाने डेल चांगला मालक समजला जाई: मुलांना पोटभर अन्न, स्वच्छ अंथरूण आणि शिक्षक देणारा. तो चांगला होता हे खरं, आणि साडेअकरा तास काम केलेलं सात वर्षांचं मूल रात्रीच्या शाळेत पेंगत असणार हेही खरं. प्रदर्शनाने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला हव्या होत्या.

कापसाबद्दलही हेच. इथे येणारा कापूस कॅरिबियन बेटांतल्या आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांवर पिकत असे. आणि हाच डेल १७९१ मध्ये ग्लासगोत स्थापन झालेल्या गुलामांचा व्यापार बंद करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष होता. गिरणीचं गाव म्हणजे केवळ नदी आणि यंत्रं नव्हेत, त्यामागे समुद्रापलीकडची शेतंही असतात. हा धागा पाहणाऱ्याने स्वतः मनाशी धरून फिरावं.

गिरणी क्रमांक तीनमधली खरी मोलाची वस्तू म्हणजे चालू स्थितीतलं ‘म्यूल’ हे सूत कातण्याचं यंत्र. एकोणिसाव्या शतकातलं हे यंत्र इथलं मूळचं नाही, दुसऱ्या गिरणीतून आणून बसवलेलं आहे आणि त्यावर आता कापसाऐवजी लोकर कातली जाते. तरीही ते चालू असताना पाहायला मिळालं तर दहा-पंधरा मिनिटं हलू नका. मागच्या बाजूला पेळूंनी, म्हणजे कातण्याआधीच्या जाडसर सैल वातींनी, भरलेल्या बॉबिनी असतात. पुढे चात्यांची, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या सळ्यांची, लांब रांग एका चाकांच्या गाड्यावर बसवलेली. गाडा रुळांवरून हळूहळू पुढे येतो, तसा पेळू ओढला जाऊन बारीक होतो आणि चात्या फिरत असल्यामुळे त्याला पीळ बसतो. साधारण दीड मीटर बाहेर आल्यावर गाडा थांबतो, पीळ पुरा होतो. मग एक तार खाली येऊन सगळे धागे एकदम दाबते, चात्या दिशा बदलतात आणि गाडा आत जाताना कातलेलं सूत कांडीवर गुंडाळलं जातं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. ओढणं आणि गुंडाळणं अशा वेगळ्या टप्प्यांत होत असल्यामुळे धाग्यावर ताण कमी पडतो, म्हणून म्यूलचं सूत मऊ लागतं.

आता नजर गाड्याच्या खालच्या जागेकडे न्या. गाडा बाहेर आलेला असताना ताणलेल्या धाग्यांखाली कमरेएवढीही उंची नसते. तिथे सरपटत जाऊन गळालेला कापूस गोळा करायचा आणि गाडा परत फिरायच्या आत बाहेर निघायचं, हे म्यूलवरचं मुलांचं काम. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर दोन बोटांनी जोडणं हे दुसरं. सफरीत ॲनी जे सांगत नाही ते इथे समजतं. म्यूलला पाण्याच्या शक्तीवर चालवण्याचे पहिले यशस्वी प्रयोगही याच गावात, डेलचा व्यवस्थापक विल्यम केली याने १७९० च्या सुमारास केले. यंत्र दिवसभर अखंड चालत नाही. आत शिरताक्षणी तिथल्या कर्मचाऱ्याला वेळ विचारा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. बंद यंत्र पाहून परतलेल्यांना हे दालन कंटाळवाणं वाटतं, त्यात नवल नाही.

इथे कातलेली लोकर खाली दुकानात विकायला असते. विणकाम करणाऱ्यांनी तिच्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत. मेरिनोचा तलमपणा तिच्यात नाही. हाताला किंचित खरखरीत लागते, पण धुतल्यावर फुलते आणि टाका भरून येतो. म्हणून नमुना विणून, कोमट पाण्यात हाताने धुऊन, वाळवून मगच मापं घ्या. न धुता मोजलेला स्वेटर नंतर फसतो. अरान म्हणजे जाड धाग्याची लोकर स्कॉटिश थंडीसाठी आहे. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरला त्याहून पातळ, डबल निटिंग धागा पुरे. लहान मुलांच्या गळ्याशी येणाऱ्या कपड्यांना मात्र ही लोकर घेऊ नका, टोचते.

संग्रहालयात ‘मूक देखरेख्या’ पाहायला विसरू नका. लाकडाचा छोटा चौकोनी ठोकळा, चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी तो टांगलेला असे. काल तुमचं वागणं वाईट होतं तर आज काळी बाजू समोर, बेताचं होतं तर निळी, चांगलं तर पिवळी, उत्तम तर पांढरी. रोजचा रंग वहीत नोंदला जाई. रंग चुकीचा वाटला तर कामगाराला थेट ओवेनकडे दाद मागता येई. मारहाण आणि शिवीगाळ टाळण्यासाठी त्याने ही युक्ती काढली आणि ती चालली. तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अख्खा दिवस काळा ठोकळा मिरवत यंत्रावर उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार केल्याशिवाय त्याच्यापुढून हलू नये. ही वस्तू आकाराने इतकी लहान आहे की कित्येक जणांच्या नजरेतून सुटते.

ओवेनचं कर्तृत्व कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. डेलची मुलगी कॅरोलाइन हिच्याशी त्याचं लग्न १७९९ मध्ये झालं. त्याच वर्षी त्याने आणि त्याच्या भागीदारांनी साठ हजार पौंडांना या गिरण्या विकत घेतल्या आणि जानेवारी १८०० पासून कारभार त्याच्या हातात आला. अनाथालयांतून मुलं आणणं त्याने थांबवलं. दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेणं बंद केलं. अमेरिकेने व्यापारबंदी केल्यामुळे कापूस मिळेनासा झाला तेव्हा चार महिने यंत्रं बंद ठेवून कामगारांना पूर्ण मजुरी दिली. १८१६ मध्ये कामाचा दिवस पावणेअकरा तासांवर आणला. पगाराचा साठावा हिस्सा कापून आजारपणाचा निधी उभा केला. आणि शाळा: चालायला लागलेल्या मुलांपासून बालवर्ग, नकाशे आणि प्राण्यांची मोठी चित्रं, गाणं, नाच, बाहेर फिरणं, आणि शिक्षा अजिबात नाही. ही शाळा पाहायला युरोपभरातून लोक येत. १८१५ ते १८२५ या दहा वर्षांत पाहुण्यांच्या वहीत वीस हजारांच्या आसपास सह्या झाल्या. पुढे रशियाचा झार झालेला निकोलस त्यांच्यापैकी एक.

शाळेचा वर्ग चांगला उभा केला आहे, मुलांना त्या काळचे अंगरखे घालून पाहता येतात. तिथल्या कर्मचाऱ्यांना १८२४ च्या भांडणाबद्दल जरूर विचारा. ओवेनच्या भागीदारांपैकी विल्यम ॲलन या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) गृहस्थांना शाळेतला नाच पसंत नव्हता, आणि गुडघ्यापर्यंतचे अंगरखे घालून नाचणारी मुलं तर त्याहून नव्हती. अखेर सहा वर्षांवरच्या मुलांनी विजारी घालायच्या, नाच बंद आणि बायबलचं शिक्षण जास्त, असं ठरलं. त्यानंतर ओवेनचं मन इथून उडालं आणि तो अमेरिकेत इंडियाना राज्यात न्यू हार्मनी वसवायला निघून गेला. भागीदारीच्या कागदांनी एक शाळा कशी बदलते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

गावचं दुकान मराठी वाचकांनी थोडं सावकाश पाहावं. १८१३ च्या सुमारास ओवेनने ते सुरू केलं. माल घाऊक विकत घ्यायचा, दर्जा राखायचा, बाजारापेक्षा स्वस्त विकायचा आणि उरलेल्या नफ्यावर शाळा चालवायची. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी सहकारी दुकान काढलं त्यांच्यापुढे ओवेनचे विचार होते. पुढे तीच चळवळ १९०४ च्या पतसंस्था कायद्याने हिंदुस्थानात आली आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत पोचली. पण दुकानातल्या फलकांवरून असा समज होऊ शकतो की हेच पहिलं सहकारी भांडार. तसं नव्हतं. दुकान मालकाचं होतं, गिऱ्हाईक सभासद नव्हतं, आणि नफ्याचं काय करायचं ते मालक ठरवी. सहकाराची बीजं इथली, झाड रॉचडेलचं. आता तिथे मिठाई आणि भेटवस्तू मिळतात. गावात बनणारं आइस्क्रीम खा, चांगलं असतं.

कॅफे गिरणीतच आहे. शाकाहारी माणसाला सूप, ब्रेड, स्कोन, सँडविच एवढ्यावर भागवावं लागेल. झणझणीताची अपेक्षा ठेवू नका. डबा बरोबर असेल तर नदीकाठी बसून खायला जागा भरपूर. गच्चीवरची बाग गिरणी क्रमांक दोनच्या डोक्यावर आहे. झाडांपेक्षा तिथून दिसणारी छपरांची रांग आणि नदीचं वळण पाहायला वर जा. पाऊस असेल तर ती वगळली तरी चालेल. ओवेनच्या घरात तळघरातलं स्वयंपाकघर पाहण्यासारखं, बाकीचं भरभर उरका.

आता ज्याच्यासाठी खरं इथे यावं ते: कामगारांची घरं. ‘मिलवर्कर्स हाउस’ या दालनात १८२० च्या दशकातली आणि १९३० च्या दशकातली अशी खोल्यांची मांडणी केली आहे. पहिल्या खोलीत भिंतीत बसवलेला पलंग आहे आणि त्याच्याखाली चाकांचा दुसरा पलंग. दिवसा तो आत सरकवायचा, रात्री बाहेर ओढायचा. एका खोलीत आख्खं कुटुंब. स्वयंपाक, झोप, बाळंतपण, आजारपण, सगळं तिथेच. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कुणी काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. ओवेनच्या काळात घरोघर फिरून स्वच्छता तपासणाऱ्यांना बायका चिडून ‘ढेकूणशोधे’ म्हणत आणि काही जणी दार लावून घेत. आठवड्याला घर धुवायचं, वर्षाला चुना मारायचा, गल्ली आळीपाळीने झाडायची, असे नियम होते. आदर्श गावाची ही बाजू दालनात थोडक्यात उरकली आहे. आमच्या मते तिला स्वतंत्र खोली मिळायला हवी होती.

दुसरी खोली शंभर वर्षांनंतरची. घरात थंड पाण्याचा नळ आणि जिन्यावर संडास यायला १९३३ उजाडलं. तोवर पाणी बाहेरून भरायचं. वीज गिरणीची होती आणि फुकट होती, पण एका खोलीला एक मंद दिवा एवढीच. रात्री दहाला ती बंद होई, शनिवारी अकराला. देशाच्या वीजजाळ्याला गाव जोडलं गेलं १९५५ मध्ये. घर मालकाचं, दुकान मालकाचं, शाळा मालकाची आणि झोपायची वेळही मालकाच्या जनित्रावर. गिरणीचं गाव म्हणजे काय हे आम्हाला विचाराल तर या एका दिव्यात ते सगळं आलं.

बाहेर पडून आता रस्त्यांवरून चाला. लाँग रो, डबल रो, ब्रॅक्सफिल्ड रो, नर्सरी बिल्डिंग्ज. टोकाला थोड्या वळणात उभी असलेली केथनेस रो उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातून आलेल्या कुटुंबांची आठवण सांगते. १७९१ मध्ये स्काय बेटावरून अमेरिकेला निघालेलं स्थलांतरितांचं जहाज वादळामुळे ग्रीनॉक बंदरात परतलं. डेलने त्यांना काम आणि घर देऊ केलं आणि त्यांतली बरीच माणसं इथे स्थिरावली. त्यांची भाषा गेलिक, आजूबाजूच्यांची स्कॉट्स. न्यू बिल्डिंग्जच्या माथ्यावर घंटेचा छोटा मनोरा आहे. पूर्वी ही घंटा कामावर बोलवायची, आता वर्षातून एकदा, नववर्षाच्या मध्यरात्री वाजते.

ओवेन गेल्यावर गिरण्या वॉकर कुटुंबाने चालवल्या, १८८१ नंतर त्या पुढे गुरॉक रोपवर्क कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालकांकडे गेल्या. मासेमारीची जाळी आणि कॅनव्हास इथे तयार होई. १९६८ मध्ये गिरणी बंद पडली. त्यानंतर गिरण्यांच्या इमारती भंगारातून धातू काढणाऱ्या कंपनीकडे गेल्या, छपरं गळू लागली, आवारात भंगाराचे ढीग लागले. तरी आज आपण हे पाहू शकतो याचं कारण कामाचा क्रम. १९६३ मध्येच गिरणी चालू असताना घरं दुरुस्त करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली होती आणि तिने केथनेस रो आणि नर्सरी बिल्डिंग्जपासून सुरुवात केली. म्हणजे आधी राहती घरं. मग १९७४ मध्ये जतन न्यास, १९८३ मध्ये सक्तीच्या खरेदीचा आदेश काढून गिरण्या भंगारवाल्यांच्या ताब्यातून सोडवणं, १९९८ मध्ये गिरणी क्रमांक एकमध्ये हॉटेल आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण जाणतो. काळाचौकीच्या कापडगिरणी संग्रहालयाबद्दल आस्था असणाऱ्या प्रत्येकाने न्यू लॅनार्कचा हा क्रम अभ्यासावा. इमारत उभी राहिली आणि माणसं मात्र विरार-बदलापूरला गेली, तर जतन कशाचं केलं?

इथे माणसं राहतात. सुमारे पंचेचाळीस घरं भाड्याने दिलेली, वीसेक मालकीची. बाहेरचं लाकूडकाम पांढरं, दारं-खिडक्या एकाच धाटणीच्या, तारा जमिनीखालून, डिश अँटेना नाही. गावकरी हे नियम पाळतात आणि त्यांच्या खिडक्यांसमोरून रोज पर्यटकांच्या झुंडी जातात. म्हणून खिडकीत डोकावून फोटो काढू नका, जिन्यांवर बसू नका, वाळत घातलेल्या कपड्यांना देखावा समजू नका. ही तक्रार तिथे वारंवार ऐकू येते आणि ती रास्त आहे.

धबधब्यांची वाट गावाच्या वरच्या टोकाने, नदीकाठच्या राखीव जंगलातून जाते. पहिला मोठा धबधबा कोरा लिन, गावापासून दीडेक किलोमीटर. प्रसिद्ध इंग्रज चित्रकार टर्नरने त्याचं चित्र काढलं आहे. पुढे बॉनिंग्टन लिन. गावाजवळचा डंडॅफ लिन छोटा आहे पण गिरण्यांसाठी तोच महत्त्वाचा. इथे एक अडचण आहे जी माहितीपत्रकांतल्या फोटोंवरून कळत नाही. १९२७ पासून वरच्या बंधाऱ्याने पाणी वळवून जलविद्युत केंद्राला दिलं जातं. त्यामुळे कोरडा आठवडा असेल तर कोरा लिनवरून बारीक धारा पडताना दिसतात आणि लोक हिरमुसून परततात. वीजकेंद्र देखभालीसाठी बंद असतं त्या दिवशी सगळं पाणी धबधब्यावरून येतं. अशा तारखा जाहीर होतात का ते पाहून जमल्यास त्याच दिवशी जा. नाहीतर दोन-तीन दिवस चांगला पाऊस झाल्यावर. बूट पकड असलेले हवेत. लाकडी फळ्यांची वाट ओली झाली की घसरते आणि पायऱ्या बऱ्याच आहेत. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी गावाच्या पलीकडे फार लांब नेता येणार नाही.

मुक्काम करायचा तर हॉटेल गिरणी क्रमांक एकमध्येच आहे. ही इमारत १७८८ मध्ये जळाली, पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. खोली घेताना नदीच्या बाजूची मागा. रस्त्याच्या बाजूने पाण्याचा आवाज येत नाही आणि संध्याकाळी पर्यटक गेल्यावर तो आवाज हेच इथलं सुख आहे. खोल्या आरामशीर असतात, त्याहून जास्त काही नाही. हॉटेलच्या उत्पन्नातून जतनाच्या कामाला हातभार लागतो, म्हणून इतरत्र राहण्यापेक्षा इथे राहावं असं आम्ही सुचवू.

गुण द्यायचेच तर गाव आणि त्याचं जतन यांना पाचपैकी पाच, म्यूल यंत्र चालू असेल तर त्याला पाच, कामगारांच्या घराला चार, अंधारातल्या सफरीला अडीच, खाण्याला तीन. हातात दोनच तास असतील तर तिकीट काढू नका: दफनभूमी, कालवा, केथनेस रो ते ब्रॅक्सफिल्ड रो आणि डंडॅफ लिन एवढं करा. चार तास असतील तर तिकीट काढून म्यूल आणि कामगाराचं घर आधी पाहा, सफर शेवटी ठेवा. कोरा लिन त्यात धरायचा असेल तर पूर्ण दिवस काढा आणि मे ते सप्टेंबरमध्येच या. डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधारून येतं आणि जंगलातल्या वाटेवर दिवे नाहीत.